अर्थवाले भानुदास मिस्त्री

आमच्या तीर्थपुरीत भानुदास मिस्त्रींसमोर 'जगण्याला काय अर्थ आहे?' असं बोलायची सोय नाही. ते लगेच पाना काढतात. त्यांच्या लेखी अर्थ एकच, गाडीच्या लोखंडाला जोडलेली अर्थिंगची काळी वायर. दिवा लागेना, हॉर्न वाजेना, पुढाऱ्याचं भाषण रंगेना, निदान ठरलेलं: "अर्थ बराबर न्हाई!"

माणूस एका जागी बसेल तर शपथ. चहा अर्धा टाकून उठणार, वायरी तपासायचं मीटर शोधत गॅरेजभर तीन फेऱ्या मारणार, आणि मीटर खिशात.

त्या दिवशी तर त्यांचा पाय कुठंच ठरत नव्हता. कारण गावाला माहीत होतं. कुंभार पिंपळगावला दिलेली त्यांची लेक सुनीता संध्याकाळी नवऱ्याबरोबर पुण्याला बिऱ्हाड हलवणार होती. लग्नात मानपानावरून व्याह्यांशी वाजलं, तेव्हापासून मिस्त्री तिच्या घराची पायरी चढले नव्हते. नातसुद्धा पाहिली नव्हती.

"जाऊन या की," मी म्हणालो.

"कामं पडलीत ना, सर!" म्हणत माझ्याच जीपखाली शिरले.

माझ्या डिझेल जीपच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला, गाडी ओढ घेईना. जालन्यात शोरूमवाल्यांनी कॉम्प्युटर लावून सांगितलं होतं, सायलेन्सरच्या नळीतल्या धुराची गरमी मोजणारा सेन्सर गेला, नवा टाका.

"ह्यॅ! कुणी गप बसला की मेला म्हणायचं व्हय?" मिस्त्री वैतागले. सॉकेट काढून त्यांनी सेन्सरला मीटर लावलं. "जित्ता हाय की बिचारा! मंग बोलत काहून न्हाई?" मग त्याची वायर धरून जागोजागी हलवत गेले. मीटर मधेच वाजायचं, मधेच मुकं. शेवटी इंजिनामागं काळ्या वायरीचा गंजका, ढिला बोल्ट सापडला. "घावला! अर्थच सुटून राह्यल्ता!"

बोल्ट घासला, आवळला, बॅटरी काढून परत लावली. दिवा विझला.

"चला सर, ट्रायल घेऊ. जल्दी."

"कुणीकडं?"

"सडक... पिंपळगावची सडक बरी हाय."

मी हसू दाबलं. सुनीताच्या दारासमोर आलो तसे म्हणाले, "थांबा इथं. जरा आवाज ऐकू द्या इंजिनाचा."

दारात गाठोडी बांधून ठेवली होती. पोरीला कडेवर घेऊन सुनीता धावतच आली. "बाबा! उतरा ना."

मिस्त्री समोरच्या काचेतून नजर काढेनात. "न्हाई गं. बंद केली तर गाडी परत चालू व्हायची न्हाई."

काय ही थाप! आत्ताच तर दुरुस्त केली होती. सुनीतानं खिडकीतून पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली. मिस्त्रींनी काळे हात वर धरले. "अगं, तेल लागंल तिला!" पोरीनं त्यांची मिशीच धरली.

तेवढ्यात व्याही ओसरीवर येऊन उभे राहिले. या म्हणेनात, जा म्हणेनात.

मी हळूच किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"मिस्त्री," मी म्हणालो, "आता कसं हो?"

"आता काय," ते पुटपुटले, "उतरावंच लागंल." आणि तसल्याच हातांनी नातीला छातीशी धरून त्यांनी दार उघडलं.