माझा नेम आणि बाबलीकाकांचं गाऱ्हाणं

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून गैरसमज नको: अख्ख्या मालवण तालुक्यात माझ्याइतकी स्थिर उभी राहणारी मुलगी दुसरी नाही! माझ्या हातातल्या मुसळावर कावळा येऊन बसला होता. उडाला तो त्याचं पोट भरलं म्हणून, मी हलले म्हणून नव्हे! एवढं असूनही कणकवलीला नर्मदा का गेली आणि मी घरी वडे का खात बसले, ते ऐका.

चीनच्या लढाईनंतर आमच्या शाळेत दोन वस्तू आल्या. एक छऱ्याची बंदूक आणि दुसरे निंबाळकर सर. सर साताऱ्याकडचे. आवाज असा की त्यांनी ‘सावधान!’ म्हटलं की खाडीतल्या होड्यांनीही ताठ उभं राहावं! आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की मुलींनीसुद्धा बंदूक शिकायची. कणकवलीला शाळाशाळांचा मेळावा होता आणि नेमबाजीसाठी प्रत्येक शाळेतून एकच मुलगी जाणार होती. एस.टी.ने जायचं, दोन दिवस राहायचं आणि येताना जमलं तर बिल्ला घेऊन यायचं! मी तोवर आईचा पदर सोडून शाळेपलीकडे कुठे गेले नव्हते. मला कणकवली म्हणजे विलायतच वाटत होती. मनात म्हटलं, शेवंती, ह्या विलायतेला तूच जाणार!

पहिल्या दिवशी मी झाडलेला छर्रा मैदानाकडेच्या फणसात गेला.

“पोरी,” सर म्हणाले, “बंदूक धरलीस का ताक घुसळतीस?”

सगळी नववी हसली. सगळ्यात जास्त नर्मदा. वर्गात ती माझ्या पुढच्याच बाकावर बसते; तेव्हा मात्र आपली पाळी संपवून परत निघाली होती, त्यामुळे तिला हसायला मुद्दाम मागे वळावं लागलं. ती वळली!

मग सरांनी नीट शिकवलं. पाय खांद्याइतके फाकवायचे. दस्ता खांद्याच्या खोबणीत, गाल दस्त्यावर. एक डोळा बंद. अर्धा श्वास सोडायचा, उरलेला कोंडायचा. चाप ओढायचा नाही, लिंबू पिळावं तसा हळूहळू दाबायचा. “आणि मधे आभाळ कोसळलं तरी हलायचं नाही! घरी काठी धरून उभ्या राहा. काठीच्या टोकावर काहीतरी ठेवा. ते पडेनासं झालं म्हणजे हात बसला.”

मी म्हटलं, काठी नर्मदा घेईल. आपण मुसळ घ्यायचं!

घरी सांगायची सोयच नव्हती. ‘बंदूक’ शब्द ऐकताच आईने माझं नाव शाळेतून काढलं असतं. म्हणून मी जागा शोधली ती वाडीच्या शेवटच्या वडाखालची. सावली दाट, आणि दुपारी तिथे चिटपाखरू फिरकत नाही. का फिरकत नाही, हा विचार मी केला नाही. तो वड देवचाराचा! देवचार म्हणजे आमच्या वाडीचा राखणदार. भर बाराला तो आपल्या हद्दीत फेरी मारतो, अशी सगळ्यांची खात्री. मला फक्त नर्मदेची भीती होती, आणि ती तिथे येणार नव्हती.

शनिवारी मुसळाच्या टोकावरचा खोबऱ्याचा तुकडा नऊ वेळा पडला. रविवारी दोनदा. सोमवारी कसलीशी सुट्टी होती. मी बाराच्या सुमाराला उभी राहिले, श्वास कोंडला, एक डोळा मिटला, आणि काय सांगू! तुकडा हलेना. मी हलेना. मुसळ हलेना. मी म्हणजे पिंगुळीच्या कळसूत्री बाहुलीसारखी झाले, फक्त दोऱ्या खुंटीला बांधून ठेवलेली. इतक्यात तो कावळा आला. मुसळाच्या टोकावर ऐटीत बसला आणि माझ्या डोळ्यांत बघत बघत खोबरं खाऊ लागला. मी मनात म्हटलं, खा बाबा खा, पण निंबाळकर सरांना जाऊन सांग!

नेमकी त्याच वेळी सावित्रीकाकी पातेरा, म्हणजे वाळलेली पानं, गोळा करायला तिकडून चालली होती.

“शेवंते! गो शेवंते!”

मी गप्प. आभाळ कोसळलं तरी हलायचं नव्हतं, मग काकीची काय कथा?

“शेवंते! कावळो बसलो गो!”

मी गप्प. शिवाय कोंडलेल्या श्वासाने बोलणार कशी? काकीने पातेऱ्याची टोपली तिथेच टाकली आणि अशी धूम ठोकली की एरवी गुडघे दुखतात म्हणून मला पाणी भरायला लावणारी काकी ती हीच का, असा मला प्रश्न पडला!

संध्याकाळी आईने समोर बसवलं.

“काय झालां गो तुका?”

“काय नाय गे आये.”

“वडाकडे कित्याक गेल्लंस?”

“काय नाय. अशीच.”

“काकीन हाक मारली तर ओ कित्याक देवक नाय?”

खरं सांगितलं तर बंदूक बाहेर येणार. म्हणून मी पुन्हा म्हटलं, “काय नाय!” आणि मान खाली घातली. आई आणि काकीने एकमेकींकडे पाहिलं. झपाटलेली माणसं नेमकी हेच म्हणतात, हे मला काय ठाऊक!

थोड्या वेळाने दारापुढच्या खळ्यात बाबलीकाकांचा आवाज आला. बाबलीकाका म्हणजे आमच्या वाडीचे मानकरी. देवाशी काही बोलायचं असलं की आमच्या वतीने तेच बोलतात. मी कान लावला, पण कुजबुजीतून मला एवढंच कळलं: “बुधवारी... नारळ... आणि एक तांबडो कोंबो.” कोंबडा म्हणताच मला आनंद झाला. म्हटलं, मुंबईहून पाहुणे येणार वाटतं!

बुधवार उजाडला. शाळेत मधल्या सुट्टीआधी निवड होती. निशाण म्हणजे माडाला टांगलेला पुठ्ठा, मधे काळा गोल. प्रत्येकीला पाच छर्रे. नर्मदेचे तीन काळ्यात बसले. मी उभी राहिले. पहिला काळ्यात! दुसरा मातीत, पण तो वाऱ्यामुळे. तिसरा काळ्यात! चौथा काळ्यात! नर्मदेचं तोंड आंबट आंबाडं चावल्यासारखं झालं. शेवटचा एक छर्रा बसला की कणकवली माझी!

मी पाय फाकवले. गाल टेकवला. डोळा मिटला. अर्धा श्वास सोडला, उरलेला कोंडला.

आणि शाळेच्या दगडी गडग्यापाशी आमची वाडी येऊन उभी राहिली! पुढे बाबलीकाका, हातात नारळ. मागे आई, काकी आणि वाडीतले चार बापये. त्यातल्या महादूदादाच्या काखेत तांबडा कोंबडा. गाऱ्हाणं वडाकडे घालायचं होतं आणि मला न्यायला ते शाळेत आले होते. हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा मला फक्त काकी ऐकू आली.

“बगलास? बगलास मा? तश्शीच उबी आसा! त्या दिवशी मुसाळ होतां, आज बंदूक आसा!”

“आता वडार जावक येळ नाय,” बाबलीकाका म्हणाले. “हयच घालूया!”

इथे एक समजून घ्या. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मांडलेली विनवणी. एकाने एकेक मागणं मांडायचं आणि तो ‘रे म्हाराजा’ म्हणून थांबला, की बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आम्ही हे पाळण्यात असल्यापासून ऐकतो. झोपेतसुद्धा म्हणू.

“बा देवा देवचारा, वाडीच्या राखणदारा! आज तुका साद घालतंव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी हलले नाही. सांगितलं ना, कावळासुद्धा मला हलवू शकला नव्हता!

“ह्या चेडवाचो तुज्या जाग्यार पाय पडलो असात, तर पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मीच! आता रांगेतल्या मुलीसुद्धा म्हणाल्या. नर्मदासुद्धा! निंबाळकर सर एकटे गोंधळून इकडेतिकडे बघत होते.

मी ओठ घट्ट मिटले. चाप लिंबासारखा दाबू लागले.

“ह्या चेडू दगडासारखा उबा रवता, हलना नाय, बोलना नाय. तेका हलता-बोलता कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!!”

हे शेवटचं कोण ओरडलं? मीच! चांगली खणखणीत! श्वास सुटला, गाल सुटला, बंदूक भलतीकडेच वळली आणि छर्रा सुटला!

टण्ण!

हेडमास्तरांच्या खोलीबाहेर रुळाचा तुकडा टांगलेला असतो, तीच आमची घंटा. छर्रा तिला लागला. तिच्याखाली शिपाई भिकाजी डुलक्या घेत होता. तो दचकून उठला. आपण झोपलो आणि कुणीतरी घंटा द्यायला लागलं, असं वाटून त्याने हातोडा उचलला आणि शाळा सुटल्याची लांबलचक घंटा बडवली! पाचवीपासून अकरावीपर्यंतचे सगळे वर्ग मैदानात ओतले गेले. त्या गर्दीत महादूदादाच्या काखेतून कोंबडा निसटला. कोंबड्यामागे महादूदादा, त्याच्यामागे सहावी, सहावीमागे हेडमास्तर!

“शेवंती,” सर हळूच म्हणाले, “ती घंटा निशाणापेक्षा लांब आहे. आणि लहान बी. नेम धरून मारली असतीस, तर तुलाच पाठवली असती.”

“सर, नेम धरूनच मारली!”

“मग निशाणावर का न्हाई मारलीस?”

तीन-तीन बरोबरी झाली होती, म्हणून सरांनी दोघींना एकेक जादा छर्रा दिला. नर्मदेचा बसला. माझा? माझे हात हलत होते, पाय हलत होते, आणि हसताना दातसुद्धा! छर्रा त्याच जुन्या फणसात गेला.

घरी सगळं उघड झालं. आईने दोन धपाटे घातले, मग जवळ घेऊन रडली. मला वाटलं, आता तरी बाबलीकाका खजील होतील. छे! ते खळ्यात ताठ बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “बगलास? मागलां काय? चेडू हलूक व्हया, बोलूक व्हया. एका दमात दोनय झाली!”

पाच छऱ्यांत माझे तीन बसले. देवचाराने एकदाच नेम धरला, तोसुद्धा मीच ‘व्हय’ म्हटल्यावर.

तांबडा कोंबडा शेवटी सापडला, त्यामुळे रात्री कोंबडीवडे होते. मी सात वडे खाल्ले. आणि खरं सांगते, वाटीतून तोंडापर्यंत रश्शाचा एक थेंब सांडला नाही!