जरब बसल्याचा दाखला

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या प्लंबरने एका कचेरीतला पितळी नळ चोरला आणि त्याला तीन महिन्यांची कैद झाली. ‘इतरांना जरब बसावी म्हणून’ असं निकालपत्रात स्वच्छ लिहिलं होतं. इथपर्यंत सगळं रीतसर झालं.

तीन महिने भरले तशी त्याची बायको तुरुंगाच्या कचेरीत गेली. कारकुनाने फाइल उघडली.

“शिक्षा पूर्ण झालीय. पण हेतू पूर्ण झालाय का?”

“म्हणजे?”

“जरब बसली का कुणाला? पाच शेजाऱ्यांच्या सह्या आणा. ‘सदर शिक्षेमुळे मी घाबरलो असून चोरीचा विचार सोडून दिला आहे.’ बस्स. असाच सोडला तर तपासणीला मी काय दाखवू?”

“अहो, पण ते सुधारलेत. प्रत्येक पत्रात लिहितात, पुन्हा असं होणार नाही.”

कारकुनाने निकालपत्र पुन्हा चाळलं. “सुधारणेचा यात उल्लेख नाही. ती त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर केलीय.”

बाई छापील अर्ज घेऊन जिना चढली. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर भडकले. “विचार सोडला? म्हणजे आधी होता असं झालं ना, वहिनी! जन्मभर मुलांना नीती शिकवली मी!” त्यांनी नकार लेखी दिला, शाळेच्या छापील कागदावर. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांच्याकडचे ते कागद अजून संपलेले नाहीत.

समोरच्या काकू हळहळल्या. “सही केली असती गं, पण आमच्या मुलीचं लग्न ठरतंय. घाबरलेल्यांच्या घरात कोण सोयरीक करणार?”

शेवटी प्लंबरच्या आईने अंगठा पुढे केला. “माझा घे. मी तर रोज घाबरते.”

कारकुनाने तो अंगठा बराच वेळ पाहिला. “नातेवाइकांची भीती ग्राह्य धरता येत नाही, बाई.”

अहवाल वर गेला : ‘शिक्षेचा परिणाम शून्य.’ वरून उत्तर आलं, औषध लागू पडत नसेल तर मात्रा वाढवावी. तीन महिन्यांचे नऊ झाले. सह्या पाचाच्या दहा झाल्या.

काल ती माझ्या दारात उभी होती. चपलेचा अंगठा तुटलेला, हातात अर्ज.

“भाऊजी, तुम्ही तरी घाबरलात का?”

“मी कशाला घाबरू?” मी म्हणालो. “पण शिक्षा कडकच हवी. त्याशिवाय लोक घाबरत नाहीत.”

“लोक म्हणजे कोण, भाऊजी? सगळ्या मजल्यांवर जाऊन आले मी.”

प्रश्न रास्त होता. मी जरा विचार केला आणि खिडकीतून बोट दाखवलं.

“शेजारच्या इमारतीत विचारा. तिथले लोक तसलेच आहेत.”

वाचकहो, तुम्ही तिथेच राहता ना?