किल्ली आणि कौल

अंबडच्या त्या गल्लीत एकच सामायिक बोअर होता आणि त्याच्या मोटरीच्या पेटीची किल्ली नरहररावांकडं असायची. कुणाला आधी पाणी, कुणाला नंतर, हे तेच ठरवत. रेटारेटी करणाऱ्याचा नंबर शेवटी टाकत. गल्ली कुरकुरत का होईना, ऐकत होती.

एका सकाळी नव्यानं राहायला आलेल्या मैमूनाबाईंचा नंबर त्यांनी असाच मागं ढकलला. बाई शाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, "काका, तुमाला हा अधिकार दिला कुणी?"

नरहरराव आठवायला गेले, तर कुणी दिलाच नव्हता. आधीचे किल्लीवाले शिवाजीराव मुलाकडं पुण्याला जाताना "जरा धरा" म्हणाले होते, ते यांनी धरलं ते धरलंच. दिवसभर बाईंचा प्रश्न त्यांच्या मनाला लागून राहिला. संध्याकाळी त्यांनी किल्ली लिंबाखालच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि सांगून टाकलं, की गल्ली ज्याला म्हणेल त्यानं उचलावी.

कुणीच उचलेना. उचलणाऱ्याला सगळ्यांच्या शिव्या खाव्या लागणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी हंडे रिकामेच राहिले. एकानं पेटीचं कुलूप तोडायची भाषा केली, दुसरा त्याच्या अंगावर धावून गेला. शेवटी मैमूनाबाईंनीच सगळ्यांना ओट्यापाशी बोलावलं. नरहरकाका ज्यांना पाहिजेत त्यांनी हात वर करावा, असं म्हणून पहिला हात त्यांनीच वर केला. मागोमाग अख्ख्या गल्लीचे हात वर झाले. नरहररावांचे डोळे भरून आले.

रीत म्हणून बाईंनी विरोधात कोण, तेही विचारलं.

एकच हात वर झाला. नरहररावांच्या बायकोचा, विमलबाईंचा.

"यांनी सगळ्यांना विचारलं, मला न्हाई विचारलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाहेर जरा आवाज झाला, की हे ताटावरून उठून जातेत. सगळा माणूस गल्लीचाच झाला, मंग माझा कवा?"

मंडळी हसली. काकूंची संमती असेल तरच किल्ली, असं मैमूनाबाईंनी जाहीर केलं. विमलबाईंनी बराच विचार करून अट घातली, की भरल्या ताटावरून उठायचं नाही. ती गल्लीला मान्य झाली आणि नरहररावांनी किल्ली उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले न बसले तोच बाहेर हंड्यांचा खणखणाट सुरू झाला. सवयीनं ते अर्धे उठले आणि थबकले.

"जाऊ का?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी असं पहिल्यांदाच विचारलं होतं. विमलबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"जा," त्या म्हणाल्या. "विचारलं ना, मंग जा."

नरहरराव खाली बसले आणि त्यांनी अजून थोडं वरण मागितलं.