छापील राजपुत्र

बोरीत शिवाप्पाचं दुकान तेलामिठाचं, पण गिऱ्हाइकाला वर फुकट मिळायची ती सुनेची तारीफ. अख्ख्या गावात वाचणारी बाई एकच आणि ती त्याच्या घरात. महादेवी माहेरी मिशनच्या मडमेकडे वाचायला शिकली होती. मडमेनं लग्नात दिलेलं जाडजूड मराठी पुस्तक ती पेटीतून घेऊन आली होती. दुपारी दुकानामागच्या पडद्याआड ती मोठ्यानं वाचायची. अजगराच्या दरीत एक पोर अडकली आहे, स्वतःचं नावसुद्धा विसरली आहे, आणि तिच्यावर जीव जडलेला राजपुत्र फाटक्या वेशात तिला शोधत हिंडतो आहे. ऐकता ऐकता शिवाप्पाचं तराजूवरचं लक्ष उडे आणि गिऱ्हाइकाचं भलं होई.

"मडम म्हणायच्या, राजपुत्र म्हंजे येशू आन ती पोर म्हंजे आपला जीव," महादेवीनं त्याला सांगितलं.

"मंग आपल्या लिंगायतांचंच हाय की. भक्त सती, लिंग पती. फकस्त आपल्यात अजगर न्हाई."

घोटाळा केला आश्रुबानं. तो तेल न्यायला आला आणि पडद्याआडून नेमकं एवढंच ऐकून गेला : "राजपुत्र निघाला आहे. तो वेश पालटून येईल. जो त्याला ओळखणार नाही, त्याचा धिक्कार असो." दिवेलागणीपर्यंत चावडीवर बातमी पक्की झाली, की हैदराबादचे शहजादे बोरीला यायलेत.

माणिकराव पाटील धापा टाकत दुकानात आले. "शिवाप्पा, छापील हाय का?"

"छापीलच हाय."

"सरकारी छापील उर्दूत असतंय."

"रयतेला कळावं म्हणून मराठीत काढलं असंल," मागून आश्रुबा म्हणाला.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते शिवाप्पाच्या ओठांवर आलंही. पण आजवर त्याच्या ओट्याची पायरी न चढलेले पाटील आता अदबीनं विचारत होते, "सुनबाईनं पुढं काय वाचलं?" शिवाप्पाची छाती फुगली आणि ते वाक्य आतच राहिलं.

गाव झाडून निघालं. गटारं उपसली, भिंती सारवल्या. नेमका तेव्हाच झरीकडून एक फाटका कल्हईवाला आला. आरोळी द्यायला त्यानं तोंड उघडलं, तर त्यात पुरणपोळी गेली. भांडी मागितली की लोक हात जोडत. "सरकार, आपल्या हातानं कल्हई? शोभतं का?" बिचाऱ्याचं पोट भरलं, पण भट्टी काही पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी महसुलाचे गिरदावरसाहेब घोड्यावरून आले. शेरवानी, रुमी टोपी, सगळा थाट. एक माणूस उठला नाही.

"ह्यो न्हाई," आश्रुबा म्हणाला. "ह्यो सरळसरळ साहेब दिसायलाय."

शहजादे म्हणून गाव कुणाला जेवू घालतंय हे कळल्यावर साहेबांचा पारा चढला. पाटलांनी मुकाट्यानं शिवाप्पाकडे बोट केलं. सगळं गाव साहेबांमागून दुकानापुढे आलं, कल्हईवालासुद्धा.

"किताब लाओ. जप्त."

पडद्यामागचा आवाज थांबला. राजपुत्र अजून दरीत उतरायचा होता. पुस्तक गेलं तर ती पोर तिथंच राहणार होती आणि महादेवीचं वाचणंही संपणार होतं. सुनेवर ढकललं असतं तर शिवाप्पा सुटला असता. पण तो पडद्यापुढे उभा राहिला.

"साहेब, चूक माझी. ही नुसती गोष्ट हाय हे मला ठावं हुतं, मी बोललो न्हाई. सुनेचं वाचणं बिनचूक हाय. ऐकून बघा, मंग न्या."

साहेबांना मराठी समजत होतं. ते ओट्यावर टेकले. महादेवीनं खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. राजपुत्र वेशीपाशी येतो, भरजरी शिपाई त्याला हाकलतात आणि एक म्हातारी आपली अर्धी भाकर त्याच्या हातावर ठेवते. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आगे?"

"पुढचं उद्या," पडद्याआडून उत्तर आलं. जप्तीचं नाव कोणी काढलं नाही.

"कौन है ये?"

"महादेवी. सून हाय माझी," शिवाप्पा म्हणाला. हे त्यानं गावाला हजारदा सांगितलं होतं, पण आज सांगताना तो पडद्याकडे वळला.

तेवढ्यात कल्हईवाला पुढे झाला. "मालक, आता तरी भांडी द्या. राजपुत्र हून लय कटाळलो."

"मामंजी, त्यांना आधी जेवा म्हणावं," महादेवी आतून म्हणाली. "काय सांगावं, असतील बी."

साहेबांनी कल्हईवाल्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि ओट्यावर थोडं सरकून त्याला जागा करून दिली.