पाण्याला चिडलेली त्वचा

यंत्राच्या पडद्यावरचे आकडे ताईंनी तिसऱ्यांदा वाचले आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या. पाणी लावलेली त्वचा चिडली होती. आता नुसत्या पाण्याला कोणी चिडतं का हो?

या प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींपासून त्वचा वाढवतात. शर्टाच्या बटणाएवढे तुकडे, पण अगदी जिवंत. नवी क्रीमं, नवे केसांचे रंग आधी या तुकड्यांना लावायचे. न मानवणारं काही लागलं की त्वचा एक द्रव्य सोडते आणि यंत्र ते मोजतं. म्हणजे कोणाच्या अंगावर पुरळ उठायच्या आत ॲलर्जीचा पत्ता लागतो. काही तुकड्यांना मात्र मुद्दाम फक्त पाणी लावतात. ते शांत राहिले तरच बाकीचं खरं मानायचं, नाहीतर सगळी चाचणी बाद.

ताईंची ही लागोपाठ तिसरी बाद. दुसऱ्या वेळीच मॅडम म्हणाल्या होत्या, "अजून एक बाद झाली, तर त्वचेचं काम दुसऱ्याकडे देईन. तुम्ही फायलींच्या खोलीत बसा." अकरा वर्षं ताईंनी हे तुकडे पोटच्या पोरांसारखे सांभाळले होते. फायलींच्या नुसत्या विचारानेच त्यांना रडू आलं.

डोळे पुसून त्या धुण्याच्या खोलीत गेल्या. काचसामान धुणारे मामा मनगट खाजवत उभे होते.

"मामा, खरं सांगा. भांडी कशाने धुता?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना ताई," मामा म्हणाले, "बेसिनवरची साबणाची बाटली रिकामी दिसली पाहिजे म्हणून."

त्याचं असं झालं होतं. मॅडमच्या आई रिटायर झाल्यावर घरी हात धुवायचा सुगंधी साबण बनवायला लागल्या. मॅडमनी कौतुकाने प्रत्येक बेसिनवर एकेक बाटली ठेवली. आठवड्याभरात सगळ्यांच्या हातांना खाज सुटली. ॲलर्जी शोधून काढणं हाच ज्यांचा धंदा, अशी चौदा माणसं, पण मॅडमना सांगायला एकाची जीभ रेटेल तर शपथ. "काय सुरेख वास आहे," म्हणायचं आणि पर्समधली साधी वडी काढून हात धुवायचे. बाटल्या भरलेल्या त्या भरलेल्याच. एकदा मॅडम पडल्या चेहऱ्याने म्हणाल्या, "आईचा साबण आवडत नाही वाटतं कोणाला." त्या दिवशी ताईंनीच मामांच्या कानात बाटलीचं सांगितलं होतं.

"पण भांड्यांना कशाला, मामा? ओतून टाकायचा ना."

"म्हातारीने एवढ्या कष्टाने केलेला. ओतायला जीव होईना."

"कधीपासून?"

"झाले की तीन आठवडे."

तीन आठवडे, तीन चाचण्या. साध्या वडीने हात धुऊनही खाज का जात नव्हती, तेही आता कळलं. भांड्यांना चिकटलेला साबण पाण्यात उतरत होता. कारण सापडलं, पण ते सांगायचं म्हणजे मॅडमच्या आईचंच नाव घ्यायचं. ताई दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेल्या आणि दोनदा परत फिरल्या. तिसऱ्यांदा आत शिरल्या ते सरळ हात पुढे करूनच. बोटांच्या बेचक्या लालबुंद झाल्या होत्या. "आईंच्या साबणाने," त्या म्हणाल्या.

मॅडमनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग सगळ्यांना बोलावलं. खिशांतून एकेक करत हात बाहेर निघाले. मग मॅडमनी हळूच स्वतःची बाही वर केली. "मला वाटलं, कामाच्या ताणाने होतंय," त्या पुटपुटल्या.

खात्री करायला तोच साबण उरलेल्या तुकड्यांना लावला. दुसऱ्या दिवशी यंत्राचा आकडा असा वर गेला की मामाही बघायला आले. मॅडम ताईंना म्हणाल्या, "तुमचं टेबल तुमचंच. मी फार बोलले, मनावर घेऊ नका." ताईंना एकदम हलकं वाटलं.

आता आईला सांगायचं राहिलं होतं. मॅडमनी सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर टाकला आणि आढेवेढे घेत सगळं सांगितलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"अगं, मग बनवणं बंद करू ना मी?" आई म्हणाल्या. "दोन महिने माझ्या हातांची आग होतेय. दर रविवारी हातमोजे घालून बनवते. पण तू म्हणालीस, ऑफिसात सगळ्यांना भारी आवडलाय. तुझं मन कसं मोडू?"

मॅडम डोळे पुसत हसायला लागल्या.

"शोधून कोणी काढलं? तिला दे फोन," आई म्हणाल्या. ताई पुढे झाल्या. "बाळ, फार उपकार झाले गं तुझे. माझे रविवार मला परत मिळाले."

श्रेय घ्यायला कोणाला आवडत नाही? पण ताईंना ते घेववेना.

"आजी, मी काही नाही केलं हो. आम्ही चौदा जण भिडेपोटी गप्पच होतो. बोलली ती त्वचा."

"असं होय," आई म्हणाल्या. "मग बाळ, ज्यांची ती त्वचा आहे ना, त्या माणसांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, घरात एक तरी स्पष्ट बोलणारं असावं."