कुबरा खालाची नक्षीची बाटली

तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये विज्ञान कळणारी व्यक्ती एकच. मी! सहामाहीत केमिस्ट्रीत वर्गात पहिली आले, तेव्हापासून मी कुणालाही काहीही समजावून सांगू शकते. म्हणूनच बाबा हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसातून एक पांढरं पिंप तान्ह्या बाळासारखं उराशी धरून आले, ते थेट माझ्या खोलीत.

"अस्मी, दार लाव. आई कुठंय?"

"दुबईत, बर दुबई भागातल्या देवळात. भजन आहे."

"देव पावला!"

पिंपात बीअर बनवायचं किट होतं! बाबांचा गोरा साहेब कॉलिन कायमचा मायदेशी निघाला होता. त्याने टीव्ही एकाला दिला, सोफा दुसऱ्याला आणि हे बाबांना.

"बाबा, आपण शारजात राहतो! इथे दारूला सक्त बंदी आहे, आणि बीअर म्हणजे..."

"म्हणूनच हळू बोलतोय ना! फक्त एकदा करून बघू. यातलं इंग्लिश बारीक आहे, तू वाच."

वाचते कसली, कोळूनच प्यायले! एक डबा मॉल्टचा पाक, साखर, पाणी आणि यीस्टची पुडी. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, सगळं निर्जंतुक करा. झालं! पुढचं वाचायची गरजच काय? जंतूंना मी असं बडवलं की त्यांच्या सात पिढ्या आठवण काढतील. पिंप उकळत्या पाण्याने धुतलं, डाव उकळला, पाक उकळला, पुडी त्यातच रिकामी केली आणि वर आणखी खदखदा उकळी काढली. "अशी स्वच्छ बीअर कॉलिनच्या बापानेही प्यायली नसेल!" मी म्हटलं.

पिंप पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गेलं. आईला सांगितलं, "स्कूल प्रोजेक्ट. मॉल्टचं सरबत."

आता पिंप बुडबुडायला हवं होतं. बाबा रोज ऑफिसमधून येऊन त्याला कान लावून बसायचे, डॉक्टर छातीला लावतात तसा.

"अस्मी, काही हालचाल नाही गं."

"रिलॅक्स बाबा! सायलेंट फर्मेंटेशन."

असं काही नसतं, हे आता मला माहीत आहे.

बाटल्यांत भरायची वेळ आली तेव्हा एक बाटली कमी पडली. मी समोरच्या दारी गेले. कुबरा खाला मूळची रत्नागिरीची, आईची जिवाभावाची मैत्रीण. तिने नक्षीच्या बुचाची काचेची बाटली काढून दिली. "सासूची हाय गे, सांभाळून. इफ्तारच्या दावतीआधी परत दे."

मी भरली, फ्रीजमध्ये ठेवली आणि विसरले.

दावतीच्या संध्याकाळी बाबा घरी आले, फ्रीज उघडला आणि तिथेच थिजले. "स्मिता, ती नक्षीची बाटली कुठंय?"

"कुबराची होती ना? दिली परत."

"रिकामी करून?" बाबांचा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा झाला.

"रिकामी? वीस वर्षांत त्यांचं भांडं मी कधी रिकामं पाठवलंय? अस्मीचं सरबत होतंच की भरलेलं. म्हटलं, रोजा सोडताना पितील सगळे!"

बाबा फ्रीजला धरून उभे राहिले. एक सूर्य तेवढा बुडायचा बाकी होता! मी चप्पल न घालताच धावले.

खालाच्या हॉलमध्ये जमिनीवर जेवणासाठी अंथरलेल्या सुफऱ्याभोवती वीसेक माणसं बसलेली. खजूर, समोसे, फळं, आणि मधोमध आमची बीअर! जगमध्ये ओतलेली, बर्फ घातलेली, वर सब्जा तरंगतोय!

"खाला, ते सरबत पिऊ नका!"

"का गे?"

"खराब झालंय!"

"स्मितानं दिल्यालं आनि खराब? काय बोलतेस!"

खालाच्या नवऱ्याने, जमाल चाचांनी, घड्याळ बघितलं. खालच्या मशिदीचा भोंगा खरखरला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि डोक्यात आलं ते मी बोलले, "त्यात पाल पडली होती!"

वीस हात मागे गेले. कुणीतरी "या अल्ला!" म्हणालं. आणि दारातून आवाज आला, "पाल? माझ्या फ्रीजमध्ये?"

आई! हातात भज्यांचं ताट!

"आई, म्हणजे पाल तशी छोटी..."

"गप्प बस! कुबरा, माझ्या स्वयंपाकघरात मुंगीसुद्धा विचारून येते. ही बघ!" तिने भजी खाली ठेवली, जगमधून ग्लास भरला आणि तोंडाला लावला.

"स्मिता, नको!" बाबा धापा टाकत आत घुसले. "बीअर आहे ती! मी घरात बीअर केलीये!"

बाबांनी डोळे मिटून घेतले. वीस वर्षांचा शेजार आता खलास, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं.

आईने मात्र ग्लास संपवला, ओठ पुसले आणि शांतपणे म्हणाली, "ही? ही बीअर नाही. गुळाचं पाणी आहे."

"अगं पण यीस्ट..."

"अस्मी, ते यीस्ट कधी घातलंस?"

"उकळताना," मी अभिमानाने म्हणाले. "जंतू मरायला."

आईने माझ्याकडे बघितलं. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीकडे असं कुणी बघत नाही. "उकळत्या दुधात विरजण घालतात का गं?"

अजान झाली. जमाल चाचांनी खजूर तोंडात टाकला आणि पुढच्या क्षणी तो खजूर हसण्याने परत बाहेर यायच्या बेतात आला. "उपेंद्रभाई, तुम्ही बसा! पोरगीनं तुमचा गुन्हापन उकळून मारला!" बाबा बसले. आमची तीन ताटं वाढली गेली. शेजार वाचला.

आईला बीअरची चव कशी ठाऊक, हे विचारायचं धाडस बाबांना अजून झालेलं नाही. बीअरचं सगळे विसरलेत. पाल मात्र कुणी विसरत नाही! परवा मी खालाचा डबा घेऊन तिच्या दारात उभी राहिले, तर तिने आधी झाकण उघडून आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अस्मी बेटा, आईला सांग, रिकामा दिलास तरी चालंल!"