मोजणीसाहेबांची ट्रॉली

मोजणीसाहेबांची गोल्फच्या काठ्यांची पिशवी वाहणारी, विजेवर चालणारी ट्रॉली चौथ्यांदा बंद पडली, तेव्हा ते मैदानाच्या मधोमध होते आणि आसपास चिटपाखरूही नव्हतं. साहेब जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून अख्खा क्लब त्यांना याच नावाने ओळखे. त्यांनी बॅटरीची वायर काढली, फुंकर मारली, परत जोडली. ट्रॉली निमूटपणे चालू लागली.

"बाबा, विकून टाका ते धूड," संध्याकाळी फोनवर मुलगी म्हणाली. "पुन्हा बंद पडली तर मी स्वतः येऊन भंगारात देणार. कंबर बघा जरा स्वतःची!"

कंबरेमुळेच पिशवी उचलायला डॉक्टरांची मनाई होती. ट्रॉली गेली की खेळ गेला, आणि खेळ गेला की दिवसभर चार भिंतींशी गप्पा. बायको गेल्यापासून साहेबांचं तेवढंच बाहेर पडणं उरलं होतं.

बॅटरीवाल्याने बॅटरी बदलली, वायरी बदलल्या, चाकांत गुंतलेलं गवत काढलं. मैदानावर ट्रॉली पुन्हा बंद. दुकानात मात्र ती अशी शहाण्यासारखी चाले, की तो साहेबांकडेच संशयाने बघू लागला. शेवटी वैतागून तो स्वतः मैदानावर आला आणि नऊच्या नऊ होल सोबत चालला. ट्रॉली एकदाही अडली नाही. साहेब तर भलतेच खूश होते. चांगला फटका बसला की त्याच्या खांद्यावर थाप मारून विचारत, "बघितलंस?" बॅटरीवाल्याला गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो "वा, साहेब!" म्हणे.

दुसऱ्या दिवशी साहेब एकटे गेले आणि ट्रॉली तीनदा मेली.

मग त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. नकाशा काढला. पावलं मोजून बंद पडण्याची एकूण एक जागा लाल शाईने दाखवली. चढ-उतार, ओल, फटके, सगळं बारीक अक्षरात टिपलं. पंधरा दिवसांनी तो कागद बॅटरीवाल्यापुढे पसरला. शेजारी टेकूवर चढवलेल्या ट्रॉलीची चाकं गरागरा फिरत होती.

"या बुधवारी एकही खूण नाही, साहेब?"

"त्या दिवशी खेळ भिकार झाला. सगळे चेंडू झाडीत."

"आणि शनिवारी पाच?"

"शनिवारी? अरे, शनिवारी काय खेळलो मी!" साहेबांनी ट्रॉलीच्या मुठीवर थाप मारली. "बघितलंस?"

चाकं थांबली.

बॅटरीवाल्याने वाकून मूठ निरखली. "साहेब, हे मधलं गोल बटण..."

"ते? ती कंपनीची खूण आहे ना?"

"चालती ट्रॉली थांबवायचं बटण आहे ते. वायर काढून जोडली की पुन्हा सुरू होते. ट्रॉलीला काही झालेलं नाही. तुम्ही तिला थोपटता."

साहेब ओशाळले. तीस वर्षं बायको त्यांच्या शेजारून हे मैदान चालली होती. ती खेळत नसे. फटका बसला की ते तिच्या हातावर थाप मारून "बघितलंस?" म्हणायचे, आणि ती पाखरं बघत असली तरी थांबून "हो तर!" म्हणायची.

"सवय आहे," एवढंच ते म्हणाले. थाप लागू नये म्हणून बॅटरीवाल्याने बटणावर बाटलीचं झाकण चिकटवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सहाव्या होलवर साहेबांचा चेंडू झेंड्यापासून दोन हातांवर जाऊन पडला. असा फटका वर्षभरात बसला नव्हता. ट्रॉलीबरोबर चार पावलं टाकत त्यांनी मुठीवर थाप मारली. "बघितलंस?"

ट्रॉली थांबली नाही. मूठ हातातून सुटली आणि ती आपली सरळ पुढे निघून गेली. "अगं, थांब!" ओरडत साहेब कंबर धरून तिच्यामागे पळाले. उतारावर तिला गाठलं तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि, कबूल करायला हवं, रडूही आलं होतं. त्यांनी किल्लीच्या टोकाने ते झाकण उचकटून काढलं.

"काय बाबा, अजून बंद पडते का?" संध्याकाळी मुलीने विचारलं.

"छे गं, दुरुस्त झाली," खिशातल्या झाकणाशी चाळा करत साहेब म्हणाले. "आता मी काही बोललो की थांबते."